सोसायटीच्या 'वेगळं व्हायचं का' मतदानासाठी घेतलेली ऑनलाइन व्होटिंग सेवा : आमचा अनुभव, पाचपैकी साडेतीन

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा सेवा देणाऱ्या बऱ्याच आहेत आणि साधारण सगळ्यांची पद्धत सारखीच आहे, शिवाय जे बिनसलं त्यातलं अर्धं आम्हीच आधी नीट न ठरवल्यामुळे बिनसलं. पण तुमच्या सोसायटीत, मंडळात, ट्रस्टमध्ये कुठेही 'एकत्र राहायचं की फुटायचं' असा वाद असेल आणि कोणी म्हणत असेल की चला ॲपवर वोटिंग घेऊन टाकू, तर आधी हे वाचा.

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. चार विंग, १९६ फ्लॅट. ए, बी, सी जुन्या आणि डी विंग बिल्डरने नंतर सात वर्षांनी बांधली, तिचे ५२ फ्लॅट. डीवाल्यांचं म्हणणं असं की जुन्या विंगांच्या गळतीचा, लिफ्टचा, रिपेअर फंडाचा खर्च आम्ही का भरायचा, आमची टाकी वेगळी, आमचं पार्किंग वेगळं, आम्हाला आमची सोसायटी वेगळी काढू द्या. बाकीच्यांचं म्हणणं एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) एक, क्लबहाऊस एक, गेट एक, मग वेगळे कसे होणार. दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये हेच. हात वर करून मत घ्यायला गेलं की लोक शेजारच्याकडे बघून हात वर करायचे किंवा खाली घ्यायचे, एकदा तर मोजणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा. म्हणून पाच जणांची समिती केली, त्यात मी होते, आणि आम्ही ही सेवा घेतली. फ्लॅटमागे ३५ रुपये अधिक जीएसटी. १९६ फ्लॅटचा खर्च बघता महाग अजिबात नाही, कागदी मतपत्रिका, माणसं, चहापाणी यालाही तेवढे जातातच.

आधीच एक गोष्ट सांगून टाकते. ॲपवरच्या मतदानाने सोसायटी कायद्याने वेगळी होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १७ प्रमाणे विभाजनासाठी त्याच कामासाठी बोलावलेली विशेष सर्वसाधारण सभा लागते, तिथे हजर राहून मत देणाऱ्यांची दोन-तृतीयांश मतं लागतात आणि निबंधकांची मंजुरीही लागते. आमचं मतदान फक्त कौल घ्यायला होतं. सेल्सवाल्याने हे स्वतःहून सांगितलं नाही, आम्ही विचारल्यावर सांगितलं.

आता सेटअप. इथेच सगळी मेख आहे. लॉगिन केलं की फॉर्म येतो, प्रश्न लिहा, पर्याय लिहा, मतदारांची एक्सेल टाका, आणि बहुमताच्या जागी आधीच '५० टक्के अधिक १' भरून ठेवलेलं असतं. दहा मिनिटात मतदान तयार. मला त्या दहा मिनिटांची भीतीच वाटली. कारण मतदार कोण हा प्रश्न ते विचारतच नाही, तुम्ही जी एक्सेल टाकाल ते मतदार. आणि आमचा सगळा वाद तर तोच होता! १९६ जणांना मत दिलं तर डी विंगचे ५२ कायमच हरणार, कितीही पोटतिडकीने बोलले तरी. फक्त ५२ जणांना दिलं तर बाकीचे १४४ म्हणणार आमच्या एसटीपीचा निर्णय आम्हाला न विचारता झाला. म्हणजे यादी बनवली तिथेच निकाल लागला, मतदान हा नुसता उपचार.

माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं. त्यामुळे हे मला जरा जास्तच जवळून माहिती आहे, कारण आमच्या घरात १६ जानेवारी १९६७ चा विषय माझ्या लहानपणीसुद्धा जेवताना निघायचा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचं की केंद्रशासित ठेवायचं, त्याचा जनमत कौल. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. आजोबा उघड फुलाचे, मगोचे म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकरांचे. आजीने कुठे शिक्का मारला ते तिने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, आजोबांनी विचारलं की ती 'शिक्को मारलो, जालें' एवढंच म्हणायची आणि उठून स्वयंपाकघरात जायची. निकाल आला, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. आजोबांना हे आकडे तोंडपाठ होते.

पण मला मोठेपणी कळलं ते वेगळंच. विधानसभेत विलीनीकरणवाल्या मगोचं बहुमत होतं, म्हणजे प्रश्न विधानसभेवरच सोडला असता तर हात वर करून उत्तर विलीनीकरणाचंच आलं असतं. विरोधी पक्षाच्या, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सवाल्यांनी हट्ट धरला की हे आमदारांचं काम नाही, लोकांना विचारा, आणि दिल्लीने ते मानलं. तेच गोवा, तेच लोक, पण आमदार मोजले तर एक उत्तर आणि माणसं मोजली तर दुसरं. त्यातही मुंबईत राहणाऱ्या हजारो गोंयकारांना मत नव्हतं, त्यांची मागणी मान्य झाली नाही. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर आधी मुख्यमंत्रिपदावरून बाजूला झाले, कौल विरुद्ध गेला, आणि मार्च १९६७ ला निवडणूक झाली तर लोकांनी मगोलाच परत निवडून दिलं आणि भाऊसाहेब परत मुख्यमंत्री! विलीनीकरण नको पण सरकार तुमचंच हवं, हे लोकांनी दोन महिन्यात दोन वेगळ्या पेट्यांतून सांगितलं. आजोबा कौल हरले म्हणून वर्षभर धुसफुसत होते म्हणे, पण निकाल खोटा आहे असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

तर आमच्या समितीत मी हेच लावून धरलं की कोणाला मत आणि किती टक्क्यांना काय मानायचं हे एकही मत पडायच्या आधी लिहून, सह्या करून, नोटीस बोर्डावर लावायचं. इथे ॲपची एक सोय फार कामाची निघाली. प्रत्येक मतदाराला गट लावता येतो. आम्ही विंगप्रमाणे गट लावले, म्हणजे मत सगळ्यांचं पण निकाल विंगनिहाय वेगळा दिसतो. ठरवलं असं की डीला वेगळं व्हायचं असेल तर डी विंगच्या झालेल्या मतांपैकी ६० टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूने पाहिजेत, आणि बाकी तीन विंगांचा कल नोंदवायचा पण त्यांना नकाराधिकार नाही. यावर चार तास भांडण झालं. पण भांडण आधी झालं ते बरं झालं, निकालानंतर झालं असतं तर कोणी कोणाचं ऐकलं नसतं.

६० चा आकडा कुठून आणला असं एकाने विचारलं, रास्त प्रश्न होता. मॉन्टेनेग्रो २००६ ला सर्बियापासून वेगळा झाला तेव्हा युरोपियन युनियनने ५५ टक्क्यांची अट घातली होती आणि बाजूने पडले ५५.५ टक्के, म्हणजे काठावर. सगळ्यांना अट आधी माहिती होती म्हणून निभावलं. उलट स्कॉटलंडमध्ये १९७९ ला स्वतःच्या असेंब्लीसाठी मतदान झालं, ५१.६ टक्के लोक हो म्हणाले आणि तरी ते फेटाळलं गेलं, कारण अट अशी होती की एकूण मतदार यादीच्या ४० टक्के लोकांनी हो म्हटलं पाहिजे, आणि यादीच्या हिशोबाने ते ३२.९ टक्केच भरले. म्हणजे घरी बसलेला माणूस आपोआप 'नाही'च्या खात्यात. त्याची कटुता किती वर्षं राहिली, पार्लमेंट यायला पुढे १९९९ उजाडलं. म्हणून मी ठाम होते की टक्केवारी झालेल्या मतांवर धरायची, यादीवर नाही. आमच्या यादीत तर बंद फ्लॅटच पंधरा-वीस आहेत, त्यांना काय म्हणून 'नाही'त धरायचं?

ॲपमध्ये ही अट टाकायला 'कस्टम' मध्ये जावं लागतं आणि टक्केवारी कशाची, झालेल्या मतांची की यादीची, ते तिथे कुठेच लिहिलेलं नाही. फोन करून विचारावं लागलं. फोनवरचा मुलगा हुशार आणि नम्र होता, त्याने लगेच स्क्रीन शेअर करून दाखवलं, पण ही गोष्ट स्क्रीनवरच ठळक पाहिजे. अर्धा स्टार इथे कापला.

आता प्रश्नाची भाषा. त्यांचा तयार मराठी नमुना असा : 'खालील प्रस्तावास आपली सहमती आहे काय?' आणि खाली हिरवं मोठं 'सहमत' आणि राखाडी छोटं 'असहमत'. हे मी बघितलं आणि म्हटलं हे चालणार नाही. २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात सरकारने आधी 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का' अशा धर्तीचा प्रश्न ठरवला होता, तिथल्या निवडणूक आयोगाने लोकांवर तपासून सांगितलं की 'सहमत' शब्द माणसाला होकाराकडे ढकलतो, तो काढा. मग साधा प्रश्न झाला, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का. एका शब्दावर एवढी काळजी! आम्हीही आमचा प्रश्न साध्या मराठीत लिहिला आणि सगळी बटणं एकाच रंगाची करून मागितली. त्यांनी दुसऱ्या दिवशी करून दिली, याचे मार्क त्यांना पूर्ण.

माझा मावसभाऊ त्या वर्षी ग्लासगोला होता, भारतीय पासपोर्टवर. त्याने त्या सार्वमतात मत दिलं, कारण तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत होतं. आणि त्याच्या ऑफिसातला जन्माने स्कॉटिश माणूस लंडनला राहायला गेला होता, त्याला नव्हतं. राहतो तो मतदार. आमच्याकडे उलट, मालक तो मतदार, मग तो दुबईला का असेना, आणि दहा वर्षं इथे राहून पाण्याच्या टँकरसाठी रात्री अकराला गेटवर उभा राहणारा भाडेकरू मात्र बाहेर. कायदा तसा आहे त्यामुळे आम्ही तसंच केलं, पण मला ते आजही पटलेलं नाही.

सगळ्यात मोठा फायदा मात्र पसंतीक्रमाचा झाला. आधी सगळे होय की नाही यावरच अडून होते. खरं म्हणजे पर्याय तीन होते : आहे तसं राहायचं, एकच सोसायटी पण हिशोब आणि रिपेअर फंड विंगनिहाय, किंवा पूर्ण वेगळी सोसायटी. दोनच ठेवले की मधला माणूस नाइलाजाने कुठेतरी ढकलला जातो. गोव्यातही १९६७ ला स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, आणि शेवटी झालं तेच, ३० मे १९८७ ला. स्कॉटलंडमध्येही जादा अधिकारांचा मधला पर्याय बऱ्याच लोकांना हवा होता पण तो मतपत्रिकेवर येऊ दिला नाही.

ॲपमध्ये 'रँकिंग' निवडलं की मतदार १, २, ३ लावतो. लोकांना समजेल का ही शंका होती, पण आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात लोक पसंतीक्रम लावतातच की, आणि राष्ट्रपतीही असेच निवडले जातात, १९६९ ला व्ही. व्ही. गिरी तर दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. आम्ही दोन दिवस आधी चाचणी मतदान घेतलं, चहा, कॉफी की सरबत यावर. ऐंशी वर्षांच्या वरचे लोकसुद्धा पहिल्याच फटक्यात बरोबर करून गेले. चाचणी फुकट देतात, ती नक्की घ्या.

डी विंगचा निकाल सांगते म्हणजे पसंतीक्रमाने काय होतं ते दिसेल. ५२ पैकी ४७ जणांनी मत दिलं. पहिल्या पसंतीची मतं : वेगळी सोसायटी २१, विंगनिहाय हिशोब १७, आहे तसं ९. साधी पद्धत असती तर 'वेगळी सोसायटी' पहिली आली म्हणून ढोल वाजले असते. पण सगळ्यात खालचा पर्याय बाद झाला, त्या ९ जणांची दुसरी पसंती मोजली, ८ विंगनिहाय हिशोबाकडे गेली आणि १ वेगळ्या सोसायटीकडे. झाले २५ आणि २२. पहिला आलेला दुसरा झाला.

यावर डीमधले एक काका फार चिडले, म्हणाले आम्ही जिंकलेलो असताना हरवलं. त्यांना मी न्यूफाउंडलंडचं सांगितलं, कॅनडाशेजारचा तेव्हा ब्रिटिश अंमलाखाली असलेला प्रदेश. तिथे जून १९४८ ला तीन पर्यायांवर सार्वमत झालं, स्वतःचं जबाबदार सरकार ४४.६ टक्के, कॅनडात सामील होणं ४१.१, आणि लंडनहून नेमलेल्या आयोगाची राजवट तशीच चालू ठेवणं १४.३. कोणालाच निम्मी नाहीत. मग शेवटचा पर्याय काढून जुलैत परत मतदान घेतलं आणि कॅनडावाले ५२.३ टक्क्यांनी जिंकले. आज तो कॅनडाचा प्रांत आहे. पसंतीक्रमाने तीच दुसरी फेरी एकाच मतदानात होते, लोकांना दोनदा बोलवावं लागत नाही. काका म्हणाले न्यूफाउंडलंडवाल्यांना सात आठवडे विचार करायला मिळाले, आम्हाला नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं, खरंच दोन फेऱ्यांच्या मध्ये बोलायला वेळ मिळतो आणि माणसं मत बदलतात, ते रँकिंगमध्ये होत नाही. पुढच्या वेळी वेळ असेल तर मी दोन फेऱ्या सुचवीन.

आता तक्रारी, त्यातली एक गंभीर.

मतदान शनिवार सकाळी आठ ते रविवार रात्री आठ होतं. शनिवारी संध्याकाळी मी किती मतदान झालं ते बघायला डॅशबोर्ड उघडला तर पर्यायनिहाय आकडे लाइव्ह दिसत होते! कोणाला किती मतं, विंगनिहाय, सगळं. समितीच्या पाचही जणांना दिसत होतं. मी लगेच फोन केला तर कळलं की ते बंद करायचं बटण आहे पण मुळात ते चालू ठेवलेलं असतं. तोपर्यंत डी विंगच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकला होता की अजून आठ-दहा मतं पाहिजेत, उतरा खाली. समितीतूनच फुटलं हे उघड होतं. कोणी फोडलं ते मी विचारत बसले नाही, पण दुसऱ्या दिवशी ए विंगमधल्या दोन बायकांनी मला जिन्यात गाठून विचारलं की आमचं मतही दिसतं का तुम्हाला. नाव दिसत नाही, फक्त आकडे दिसतात, हे मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं तेव्हा त्या वर जाऊन मत देऊन आल्या. मला सारखी आजी आठवत होती. तिला नवऱ्यालाही सांगायचं नव्हतं आणि तिच्यावर कोणी जबरदस्ती करू शकलं नाही, कारण पेटी बंद होती. पेटी बंद असणं ही मतदानाची पहिली गोष्ट आहे, ती सेटिंगमध्ये शोधायला लागू नये. एक पूर्ण स्टार इथे गेला.

दुसरं ओटीपीचं. सोसायटीच्या रजिस्टरमधले अकरा नंबर जुने निघाले, काहींचे तर बिल्डरच्या एजंटचे होते. ही चूक आमची. पण परदेशी नंबरवर ओटीपी जात नाही आणि त्याऐवजी ईमेलवर घेता येतो, हे त्यांनी आम्हाला रविवारी दुपारी सांगितलं, तेव्हा दुबई आणि सिंगापूरचे चार मालक सकाळपासून फोन करत होते. एकाचं मत राहिलंच. यादी आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लावा आणि हरकती घ्या, ऐनवेळी दुरुस्ती करू नका. स्वित्झर्लंडमधलं मुतिए गाव बर्न कॅन्टनमधून (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) निघून शेजारच्या ज्युरा कॅन्टनमध्ये जायचं म्हणून २०१७ ला मतदान करून बसलं, १३७ मतांनी हो आलं, आणि पुढच्या वर्षी मतदार यादीच्या आणि प्रचाराच्या तक्रारींवर ते रद्द झालं, परत मतदान व्हायला २०२१ उजाडलं. छोट्या ठिकाणी फरक एवढ्याच मतांचा असतो, त्यात यादी कच्ची असली की सगळं पाण्यात.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी क्लबहाऊसमध्ये टॅबलेट ठेवता येतो, त्याला वेगळे पैसे नाहीत. आम्ही पडद्याच्या आडोशाला ठेवला. अक्षरं मोठी करता येतात, मराठी नीट दिसतं, जोडाक्षरं तुटत नाहीत. बी विंगच्या एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी चष्मा पुसून, तीनदा वाचून, नातवाला 'तू लांब हो' म्हणून मत देऊन आल्या.

आणि पावती. मत दिलं की आठ अक्षरांचा कोड मिळतो, निकालानंतर सगळ्या कोडांची यादी प्रसिद्ध होते आणि आपला कोड त्यात आहे का ते आपण बघू शकतो. ही या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट. निकाल रविवारी रात्री क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टरवर लावला तेव्हा ते चिडलेले काका पहिले पुढे आले, खिशातून कागदावर लिहून आणलेला कोड काढला, यादीत बोट फिरवत शोधला, सापडला, म्हणाले 'आहे बरोबर'. मग दुसऱ्याच वाक्याला सेक्रेटरींना विचारलं, विंगनिहाय हिशोब एप्रिलपासून सुरू करणार की जुलैपासून?

एप्रिलपासून ठरलंय. बाकी तीन विंगांचाही कल तिकडेच आला. डीच्या आग्रहाने ठरावात हेही लिहिलं की दोन वर्षांनी हाच प्रश्न परत विचारायचा. तेव्हा हीच सेवा घेऊ का? निकाल लागेपर्यंत लाइव्ह आकडे बंद राहतील असं लेखी दिलं तर घेऊ, नाहीतर कागदी मतपत्रिकेवर १, २, ३ लिहून घेऊ, डीचे ४७ कागद मोजायला अर्धा तास लागतो.